पश्चिमेची भिंत: एका सिनेगॉगच्या दुरुस्तीची पावणेतीन वर्षं

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मी ठाण्यात घरात बसून एका सोसायटीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं अंदाजपत्रक करत होते. गावी मामाचा फोन लागला तो सहाव्या दिवशी. म्हणाला, "आम्ही बरे आहोत. घराची दोन माडं पडली. मशिदीची कौलं गेली गं सगळी."

मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी ज्यू, कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेलो, कारण घाणा शनिवारी बंद. आमची जुनी माणसं प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणतात. मुंबईत मांडवीला सामुएल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली बांधलेलं शाअर हारहामीम अजून 'जुनी मशीद' याच नावानं सापडतं. या एका शब्दानं पुढे माझे चार महिने खाल्ले, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गावाचं आणि सिनेगॉगचं नाव लिहिणार नाही. 2008 मध्ये मुंबईतल्या ज्यू केंद्रावर, नरिमन हाऊसवर, हल्ला झाल्यापासून आमच्या लोकांना नकाशे, फोटो असं काही उघड्यावर टाकलेलं आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण बाकीचं सगळं लिहिते. जुनी वास्तू आणि मोडकळीला आलेला ट्रस्ट एकदम गळ्यात पडलेली माणसं बरीच असणार. देऊळ असो की दर्गा, कागद थोड्याफार फरकानं तेच लागतात.

आर्किटेक्ट होऊन मला तेव्हा सोळा वर्षं झाली होती, पण धार्मिक वास्तू एकही केली नव्हती. गावच्या सिनेगॉगमध्ये लहानपणी आम्ही मुली वरच्या सज्ज्यात बसायचो. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला, खाली सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि मला वरून दिसायच्या त्या फक्त टोप्या. ऑक्टोबर 2020 मध्ये टेप आणि लेव्हल घेऊन मी पहिल्यांदा खालच्या जमिनीवर, हेखालच्या अगदी समोर उभी राहिले. हेखाल म्हणजे तोरांच्या, आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं कपाट. एक वयस्क ट्रस्टी दारातून म्हणाले, "इंजिनियर मागून येतायत ना?" म्हटलं, नाही काका, मीच. ते "बरं बरं" म्हणाले आणि मला खुर्ची आणून दिली. पुढे याच माणसानं माझ्यासाठी नगरपरिषदेत सर्वांत जास्त हेलपाटे घातले.

त्या दिवशी मापं घेता घेता जे दिसलं, तेच पुढचं सगळं काम ठरवणारं होतं. हेखाल यरुशलेमच्या दिशेच्या भिंतीत असतो. युरोपात ती भिंत पूर्वेची. कोकणातून यरुशलेम पश्चिमेला. आणि कोकणात पाऊस कुठून येतो? नैऋत्येकडून, थेट तोंडावर. इथला कुठलाही शहाणा माणूस घराची पश्चिम बाजू झापांनी बंद करतो, तिकडे निदान मोलाची वस्तू ठेवत नाही. आमच्या पूर्वजांनी गावातली सर्वांत मोलाची वस्तू नेमकी त्याच भिंतीत ठेवली, कारण दुसरीकडे ठेवणं शक्यच नव्हतं. तोरा कातड्यावर हातानं लिहिलेली असते. एक अक्षर जरी उडालं किंवा चिरलं तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनाला चालत नाही. हेखालच्या मागची फळी मी बोटानं दाबली, तर बोट आत गेलं.

वादळ हे निमित्त होतं. खरा आजार जुना होता: चिऱ्याची भिंत, मूळचा चुन्याचा गिलावा, आणि त्यावर कुणीतरी 1986 साली (पावती सापडली) हौसेनं मारलेला सिमेंटचा गिलावा. चिरा पाणी पितो आणि चुन्यातून ते सोडून देतो. सिमेंटनं त्याची वाटच बंद केली, म्हणून ओल आत सरकत सरकत हेखालपर्यंत पोचली. तुमच्याकडे जुनी चिऱ्याची भिंत असेल आणि कुणी 'एकदाच सिमेंट मारून टाका, कटकट जाईल' म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

दिशेचीही एक गंमत. यरुशलेम आमच्या गावापासून सरळ पश्चिमेला नाही, जवळजवळ 29 अंश उत्तरेकडे कललेलं आहे. ड्रेस्डेनला 2001 साली जे नवं सिनेगॉग झालं, त्यात जागा वाकडी म्हणून दगडांचा एकेक थर जरा जरा फिरवत अख्खा ठोकळा पूर्वेकडे वळवलाय. ते करणाऱ्या आर्किटेक्टांत रेना वांडेल-होएफर आणि आंद्रेआ वांडेल या दोन बायका होत्या. कॉलेजात मी त्या इमारतीचे फोटो वहीत चिकटवले होते. मी उत्साहानं आमच्या हझान काकांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारलं, आपलं कपाट थोडं वळवायचं का? ते म्हणाले, "पोरी, तू पाणी थांबव. दिशेचं मी बघतो."

तात्पुरती ताडपत्री आणि पत्रे घातले: 38,000 रुपये. तोराच्या तिन्ही गुंडाळ्या हझान काकांनी स्वतः उचलून मामाच्या घरी, कोरड्या खोलीत नेल्या. मी त्यांना हात लावला नाही, फक्त खोलीतली दमटी मोजायचं 900 रुपयांचं यंत्र तिथे ठेवलं.

आता कागद. नुसती कौलं परतायला परवानगीची भानगड नसते; आम्हाला लाकडी कैच्या आणि पश्चिमेच्या भिंतीचा वरचा भाग बदलायचा होता, म्हणून रीतसर अर्ज. अर्जावर सही ट्रस्टची. आणि ट्रस्ट? धर्मादाय नोंदीत पाच विश्वस्त होते, 1998 सालचे. त्यातले दोघे वारलेले, दोघे इस्रायलला स्थायिक, एक आमचे खुर्ची देणारे काका. नवे विश्वस्त गावानं कधीच निवडले होते, पण सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खालचा फेरफार अर्ज कुणी केला नव्हता. तो नव्वद दिवसांत करायचा असतो. आम्हाला बावीस वर्षं झाली होती. विलंबमाफीचा अर्ज, मृत्यूचे दाखले, इस्रायलहून दोघांचे राजीनामे (अश्दोदहून आलेलं एक पत्र सुंदर वळणदार मराठीत होतं, पण तारीखच नव्हती, पुन्हा मागवलं), सभेचं इतिवृत्त. डिसेंबर 2020 मध्ये दाखल केलं, ऑक्टोबर 2021 मध्ये आदेश हातात. वकिलाचे 25,000. यावरून माझा सल्ला एवढाच: तुमचा कुठलाही ट्रस्ट असेल तर आजच धर्मादाय नोंदीचा, म्हणजे शेड्यूल वनचा, उतारा काढून बघा, त्यावरची माणसं जिवंत आहेत का.

मधल्या काळात मिळकतपत्रिका काढली. त्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनानं लिहिलं होतं, 'यहुदी लोकांची मशीद'. टेबलावरच्या माणसानं 'मशीद' वाचलं आणि वक्फ मंडळाचं ना-हरकत पत्र मागितलं. मी समजावलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं पटतंय, पण कागद तसं म्हणत नाही." तसा वाईट माणूस नव्हता. शेवटी त्यानंच सुचवलं की खुलासा जोडा. मग मी खुलासा जोडला: 1883 च्या कुलाबा गॅझेटियरमधली बेने इस्रायलांची पानं, 2016 मध्ये राज्यानं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला त्याचा निर्णय, ट्रस्टचं जुनं दानपत्र, आणि शंभरच्या मुद्रांकावर मामाचं प्रतिज्ञापत्र की मशीद म्हणजे इथे सिनेगॉग. चार महिने गेले. मामा अजून लग्नाकार्यात सांगतो, "मी सरकारला लिहून दिलंय, आपण कोण ते."

त्यातच 17 मे 2021 च्या सुमाराला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि आमची ताडपत्री घेऊन गेलं. पुन्हा 22,000. त्या रात्री मी खरोखर रडले, आणि मग गूगलवर माडाच्या झापांचे भाव शोधत बसले.

पैशांचं तर आम्ही सगळेच भोळे होतो. इस्रायलमधले नातेवाईक म्हणाले, आम्ही आहोत ना, पाठवतो. पण परदेशी नागरिकानं ट्रस्टला दिलेला रुपया, मग तो सख्खा मामेभाऊ का असेना, कायद्यानं परदेशी अंशदान ठरतो. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी अंशदानाच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. नोंदणीसाठी तीन वर्षांत निदान 15 लाख खर्च केलेले दाखवावे लागतात. आमच्या ट्रस्टचा वर्षाचा खर्च चाळीस हजार, त्यातला निम्मा तेलवातीचा आणि वीजबिलाचा. एका ठराविक कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते, पण त्यालाही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं, देणगीदाराचं हमीपत्र वगैरे आलंच. 'सुट्टीवर येऊ तेव्हा रोख देऊ' हेही चालत नाही, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी नाही. भारतीय पासपोर्टवर बाहेर नोकरी करणाऱ्यांचं मात्र चालतं. मग आम्ही ठाणे, मुंबई, पुणे आणि आखातातली भारतीय पासपोर्टवाली माणसं असं धरून पैसे जमवले. लोकांनी 501 पासून दोन लाखांपर्यंत दिले. शेजारच्या आळीतल्या एका गुजराती दुकानदारानं तारा आणि खिळे फुकट दिले आणि पावती घेतली नाही.

याच सुमाराला सभेत सर्वांत कडू वाद झाला: बाकं किती? जुनी बाकं नव्वद माणसांची. गावात आता आमची चार घरं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. ते दहा जमवायला वर्षातून दोनदा पनवेल-ठाण्याहून गाडी करावी लागते. मी म्हटलं चाळीस बसतील एवढीच बाकं दुरुस्त करू, लाखभर वाचेल. एक आजोबा उभे राहिले. म्हणाले, "रिकामी बाकं बघायची आम्हाला सवय आहे. बाकंच नसलेली बघायची नाहीये." मी हिशेबाची वही मिटली. नव्वदच्या नव्वद.

कुणीतरी असंही सुचवलं की पाडूनच टाका, स्लॅब घाला. तिथे मात्र धर्मशास्त्र माझ्या मदतीला आलं. दुसरं बांधून होईपर्यंत पहिलं सिनेगॉग पाडू नये, असं तालमूदमध्ये आहे. इमारत धोकादायक असेल तर सूट आहे, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट (60,000 रुपये) करून घेतलं आणि पाया भक्कम असल्याचा अहवाल सभेत वाचून दाखवला. स्लॅबचा विषय तिथेच संपला.

परवानगी जानेवारी 2022 मध्ये आली. काम सुरू होणार, तर कंत्राटदार म्हणाला, जुना सागवान माझा, त्याचे पैसे बिलातून वजा करतो. कोकणात घर उतरवताना हीच रीत, त्यात त्याची काही चूक नव्हती. पण सिनेगॉगच्या तुळईला सिनेगॉगचं पावित्र्य असतं. ती विकायची तर गावातल्या 'सात भल्या माणसांनी' लोकांसमोर ठराव करून विकायची. तालमूदच्या मेगिल्ला नावाच्या भागात हे आहे. आपल्या पंचांसारखंच म्हणा ना. पाच विश्वस्त आणि गावातले दोन ज्येष्ठ, असे सात झाले. सातांत मी नव्हते. ठरावाचा मसुदा माझा होता. लाकडाचे एक लाख दहा हजार आले. हेखालच्या कुजलेल्या फळ्या मात्र विकल्या नाहीत. त्या जीर्ण प्रार्थनापुस्तकांबरोबर कबरस्तानात पुरल्या. सुतार खड्ड्याशी चप्पल काढून उभा होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

निविदेत मी ठळक लिहिलं होतं: शनिवारी काम पूर्ण बंद, शुक्रवारी चार वाजता हत्यारं खाली. मला वाटलं यावरून भांडणं होतील. गवंडी म्हणाला, "शनवार मारुतीचा, आम्ही त्याला तेल वाहतो. शनवार तेल्यांकडे तर शनवारी कामच नको." भांडण झालं ते एप्रिलमध्ये. 15 तारखेच्या संध्याकाळी पेसाहचा सण लागला, आणि आठ दिवस काम बंद म्हटल्यावर पावसाच्या धास्तीनं कंत्राटदाराचा तोल गेला. वेळापत्रकात सण मी घातलेच नव्हते, चूक माझी. ज्यू पंचांग, होळी, शेतीची भाजावळ आणि मे महिन्यातली लग्नं हे सगळं एकाच कॅलेंडरवर आधी मांडा. आमचे शनिवार आणि सण मिळून सव्वीस दिवस गेले.

जून 2022 च्या पहिल्या आठवड्यात आढ्यावरचं शेवटचं कौल बसलं, 11 ला पाऊस आला. छपराचा खर्च 10 लाख 20 हजार, म्हणजे सगळ्यात मोठा. वळचण मी पश्चिमेकडे सव्वा फूट जास्त बाहेर काढली. दिसायला थोडं टोपी पुढे ओढल्यासारखं दिसतं. काहींना आवडलं नाही, मलाही पूर्ण आवडलेलं नाही, पण भिंतीवरचा मारा निम्मा झाला.

चुना पावसात सुकत नाही, म्हणून गिलावा नोव्हेंबरवर गेला. चुना तीन आठवडे भिजत ठेवला, त्यात वाळू, विटांची सुरखी, गूळ आणि बेलफळाचं पाणी. चुन्याचं काम येणारा एकच म्हातारा गवंडी मिळाला. त्याच्या हाताखाली चार पोरं शिकली. सिमेंट खरवडताना पश्चिमेच्या भिंतीत चिऱ्यांनी बुजवलेली एक खिडकी निघाली. प्रार्थनेच्या जागेला खिडक्या असाव्यात, दानिएल यरुशलेमकडच्या खिडक्या उघडून प्रार्थना करायचा, आणि बारा खिडक्या चांगल्या, असं शास्त्रात सांगितलंय. मी आधी मोजल्या होत्या अकरा. मामाला फोन केला तर तो म्हणाला, "बारावी पावसानं कंटाळून आमच्याच कुणा आजोबांनी बुजवली असणार." सगळ्यांना ती उघडावीशी वाटत होती. मी नाही म्हटलं. आतून कोनाडा ठेवलाय, बाहेरून भिंत. त्यात आता दिवा असतो.

सज्ज्याचा जिना चौदा पायऱ्यांचा, प्रत्येक पायरी साडेनऊ इंच. वर चढू शकतील अशा आज्या गावात उरल्याच नव्हत्या. म्हणजे गेली सहा-सात वर्षं त्या प्रार्थनेला येतच नव्हत्या आणि हे कुणी बोललंच नव्हतं. मी दक्षिणेच्या बाजूला खालीच बायकांसाठी जागा काढली, मध्ये सागवानी जाळी. जाळीच्या उंचीवर तीन सभा झाल्या, इस्रायलला दोन फोन झाले. खांद्याएवढी ठरली. आजीला बसून हेखाल दिसला पाहिजे म्हणून जाळीची भोकं खाली दाट आणि डोळ्यांच्या पातळीला मोठी केली. अख्ख्या कामात मला स्वतःचं म्हणावं असं एवढंच डिझाइन आहे.

शेवटची फजिती पाटीची. हेखालवरची शेमाची, म्हणजे आमच्या मुख्य प्रार्थनेची, ओळ पुसट झाली होती, ती बाजारातल्या पेंटरकडून गिरवून घेतली. हात त्याचा सुरेख. पण हिब्रूतलं दालेत आणि रेश यांत फरक एका कोपऱ्याचा: दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोल. त्यानं शेवटचा कोपरा छान गोलाई देऊन सजवला, आणि 'परमेश्वर एक आहे' याचं 'परमेश्वर दुसरा आहे' झालं. हझान काकांनी वर पाहिलं आणि खालीच बसले. नशीब, चूक देवाच्या नावात नव्हती. ते नाव एकदा लिहिलं की खोडता येत नाही. लिपी येत नसलेल्याकडून अक्षरं करून घेताना मूळ आकाराचा ट्रेस द्या, आणि रंग वाळायच्या आत वाचणारा माणूस समोर उभा करा.

सगळं धरून साडेसव्वीस लाखांच्या आसपास गेले. मी फी घेतली नाही, प्रवासखर्च घेतला. पुढच्या वेळी फी घेईन, कारण फुकट काम करणाऱ्या आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर सही करायला कुणीही वेळेवर येत नाही.

तोरा परत आणायला रविवार, 5 फेब्रुवारी 2023 ठरवला. त्या संध्याकाळी तू बिश्वात, म्हणजे झाडांच्या नववर्षाचा सण, लागत होता. त्या दिवसांत आमची माणसं अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, खडकाशी जातात, म्हणजे मिन्यानसाठी वेगळी गाडी करायला नको. मलिद्याची ताटं आली: पोहे, खोबरं, साखर, फळं. माणसं मोजायची नाहीत अशी आमची रीत आहे. दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, एका माणसामागे एक शब्द. हझान काकांनी म्हणायला सुरुवात केली. वचन संपलं तरी माणसं उरली होती. जाळीमागे माझ्या शेजारच्या आजीनं मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "तो दिवा ठेवलाय तिथे आधी काय होतं?"

जुलैत राखणदार काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मी रोज सकाळी भिंतीला पालथा हात लावून सांगा म्हणून त्यांना सांगून ठेवलं होतं. "ताई, आठ दिवस पाऊस थांबला नाय. मशिदीची भिंत कोरडी. वरचं एक कौल सरकलंय." मी लिहिलं, सज्ज्याच्या जिन्याखाली चाळीस जादा कौलं ठेवलीत, पन्हळीतला पालाही काढून घ्या, आणि आज शुक्रवार आहे, चारच्या आत उरका.